उंबराच्या वळणावरचा पाव तास

किसना,

तुझ्या शोकसभेत साहेब तुला ‘नियमाला धरून चालणारा कर्मचारी’ म्हणाले. तू असतास तर मागच्या बाकावर फिसकन हसला असतास आणि माझ्या बरगडीत कोपर मारलं असतंस. मला हसू आलं नाही. उठावं आणि साहेबांच्या हातातला झेंडूचा हार हिसकून घ्यावा असं वाटलं. म्हणे नियमाला धरून! अरे, त्या नियमानंच तुझा घास घेतला, आणि तोच नियम तुझ्या फोटोला चिकटवून ही माणसं दोन मिनिटं उभी राहिली. दोन मिनिटंसुद्धा नाहीत. साहेबांनी मध्येच घड्याळ बघितलं, ‘बसा’ म्हणाले, आणि मग सगळ्यांना चहा आला.

आज तुझा चौदावा दिवस. इतके दिवस लॉगबुकाचं एक पान कोरं होतं, तुझ्या त्या मंगळवारचं. अकोले गावाच्या टेकाडावरच्या आपल्या पत्र्याच्या खोलीत ते पुस्तक टेबलावर उघडं असायचं. मी त्याच्या पुढची पानं भरत होतो आणि तेवढं एक सोडत होतो. साहेब रोज विचारायचे, “बबनराव, झालं का ते?” मी म्हणायचो, “करतो साहेब.” आज सकाळी भरलं. काय लिहिलं ते सांगतो, पण मागाहून. आधी मला तुझ्याशी भांडायचंय. चहात साखर किती इथपासून आपण रोज भांडलो. आता तू गेलास म्हणून मी गोड बोलेन असं वाटत असेल तर विसर.

पहिलं म्हणजे तुझा डावा हात. पाडव्यापासून दुखत होता. मी म्हणालो, दवाखान्यात जा. तू म्हणालास, “सेट उचलून अवघडलाय. वायरलेसचा सेट हाय त्यो, फुलाची परडी न्हाई.” मी म्हणालो, फौजेत पण उचलत होतास की. त्यावर बिडी पेटवून माझ्याच तोंडावर धूर सोडलास. वायरलेसवरचा आवाज पुन्हा कधी बुडणार ते तू आधी सांगायचास. स्वतःच्या छातीतलं तुला ऐकू येईना का रे? शहाणा माणूस म्हणे! जिल्ह्यात तुझ्याएवढा अडाणी माणूस मी पाहिला नाही.

तुझ्यामागे तुझ्यावर बोलायला उठलेल्यांना तुझं काम काय होतं तेसुद्धा माहीत नव्हतं. शोकसभेत एकानं तुला चक्क ‘जीपचालक’ करून टाकलं. जीप चालवायचा लहानूदादा. तू त्याच्या शेजारी मांडीवर सेट घेऊन बसायचास. दुष्काळी कामं सुरू झाली तेव्हा राजूरच्या पलीकडच्या डोंगरातल्या कामांवर फिरायला ही वायरलेसची जीप मिळाली. कुठे टँकर पोचला नाही, कुठे सुरुंगाचा दगड लागून कोणी जखमी झालं, कुठे बाई अडली, ते तू जीपमधून सांगायचास. मी अकोल्यात बेसवर बसून ऐकायचो आणि पुढे कळवायचो. तेवढंच काम. पण त्या डोंगरात आवाज धड येत नव्हता. तू बोलत असायचास आणि मध्येच नुसती खरखर. मग परत तू. मग परत खरखर.

सगळे म्हणायचे, सेट खराब आहे. तू एकटा म्हणालास की सेट खणखणीत आहे, हे डोंगराचं काम आहे. पुस्तकात याला फेडिंग म्हणतात हे तूच मला सांगितलंस. पण तुला तो शब्द आवडायचा नाही. तू बुडी म्हणायचास. आवाज बुडी मारतो आणि वर येतो. मला काही समजेना, तेव्हा देवळालीला तुझ्या मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेलास आणि एकदम दोन दगड टाकलेस.

“बघ. दोन्हीच्या लाटा एकमेकीत शिरत्यात. काही जागी पानी दुप्पट उसळतंय, काही जागी एक लाट दुसरीला खाती अन् पानी निवांत. आपला आवाज एक सरळ जातो, एक डोंगराला आपटून जातो. जीप निवांत जागी उभी ऱ्हायली की तू कितीबी बोंबल. दोन पावलं फुडं घेतली की झालं!”

मी म्हणालो, “मग जिथं बोंबलून उपयोग नाही तिथं खूण कर आणि तिथं बोलू नको.”

“तेवढ्यानं भागत न्हाई ना बबन्या,” म्हणालास. “त्या डोंगरात अशा जागा दर दोन पावलांवर हायेत. म्हनून थांबायचंच न्हाई. बैलगाडीच्या चालीनं चालत ऱ्हायचं, अन् दोन बुड्यांच्या मधी बोलायचं.”

मला ते थोतांड वाटलं. खरं सांगतो, फार दिवस वाटलं. चालत्या जीपमध्ये कान लावून बसायचं, तीन बुड्या किती किती वेळानं आल्या ते मोजायचं आणि चौथी कधी येणार ते सांगायचं. मी म्हणालो, देवळालीत पोपट घेऊन बस, लोक येतील. त्यावर तू असा चिडलास! “ज्योतिष न्हाई ते, मोजमाप हाय. आन् मी काय उद्याचं सांगत न्हाई. फुडच्या दोन-तीन बुड्या सांगतो. वळन आलं की मोजलेलं गेलं, पुन्हा पहिल्यापासून ऐकायचं. खड्डा दिसल्याव बैल पाय उचलतोच ना? त्याला तू ज्योतिषी म्हनतो का?”

मग आपली पैज लागली. हरणाऱ्यानं बेसच्या खांबावर चढून वरच्या तारा पुसायच्या. तू जीपमध्ये, मी इथे सेटच्या सुईवर डोळे लावून. राजूर सोडल्यावर तुझा आवाज आला, चार-चार शब्दांच्या तुकड्यांत. “बबन्या सुई बघ. आता बुडी.” आणि सुई खाली. “वर आली का? आता बुडी.” सुई खाली. मला घाम फुटला. उंबराच्या वळणापर्यंत तू बोलत राहिलास आणि एक शब्द माझा चुकला नाही. एकच बुडी तुझी चुकली, तीही समोरून एसटी आली म्हणून. तेवढ्यावरून मी पैज मोडीत काढली. म्हणालो, चुकलास, फिटंफाट. खांबावर चढलो नाही. तू संध्याकाळी येऊन स्वतःच चढलास आणि वरून मला शिव्या घातल्यास. खाली सगळं टेकाड हसत होतं.

तो दिवस मला फार आवडायचा. मी कधी बोललो नाही तुला, आता बोलतो. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की आपण नुसते खुर्चीवर बसून हॅलो हॅलो करणारे नाही, आपण काहीतरी शोधलंय. ‘आपण’ म्हणतोय बघ मी. शोधलंस तू.

त्यानंतर तू वही घातलीस. मैलाचा दगड, वळण, महिना, जीपची चाल, सुई किती. उन्हाळ्यात कुठे, पावसानंतर झाडं भरली की कुठे. ज्या जागी आवाज दर दोन पावलांना बुडतो अशा सगळ्या जागांचा तक्ता केलास आणि खाली लिहिलंस की इथे जीप उभी करू नये, सावकाश चालवत दोन बुड्यांच्या मध्ये बोलावं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. मीच सुवाच्य करून दिला तो अर्ज. माझ्याच हातानं. हे आठवलं की हात तोडून टाकावासा वाटतो.

कारण त्याच हातानं मी लॉगबुक लिहीत होतो.

आता हे बोलायलाच हवं. दर तासाला बेसनं जीपला हाक मारायची आणि ‘संपर्क’ या रकान्यात लिहायचं. उत्तर आलं तर ‘ठीक’. नाही आलं तर ‘नाही’, आणि ‘नाही’ लिहिलं की तीन प्रतींत खुलासा, वर नगरला जाऊन साहेबांसमोर उभं राहायचं. आमच्यात चालच पडली होती, सगळ्या बेसवर. खरखर असो, मुकाट असो, रकान्यात ‘ठीक’. नवीन माणूस आला की जुना त्याला पहिल्या दिवशी हेच शिकवायचा, स्टोव्हची पिन कुठे ठेवली आहे ते सांगितल्यासारखं. तासाभरानं जीप कुठूनतरी बोलतेच, मग कशाला झेंगट? त्यात मी हंगामी. चार वर्षं हंगामी. दर वर्षी माझं नाव यादीत राहतं की गळतं याची धाकधूक. एका खुलाशावर नाव गळालेली माणसं मला माहीत होती. सोनईला घरी आईला मी सांगून ठेवलं होतं की यंदा नक्की कायम होतो.

म्हणून मी ‘ठीक’ लिहिलं. तू तिकडे उंबराच्या वळणावर घसा फोडत होतास आणि मी इकडे ‘ठीक’ लिहीत होतो. वर्षभर.

तुझ्या अर्जाचं उत्तर आलं ते तुला आठवत असेल. लॉगबुकांप्रमाणे सदर मार्गावर संपर्क ठीक असल्याचे दिसून येते, सबब अर्जदाराचे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. आणि त्याखाली शहाणपण. ज्याअर्थी बेसवर संपर्क ठीक आहे त्याअर्थी चूक चालत्या गाडीत बोलणाऱ्याची. यापुढे वाहन थांबवूनच बोलावे, आणि उत्तर मिळेपर्यंत जागा सोडू नये. आपल्या तिघांच्या सह्या घेतल्या त्याच्यावर. तू, लहानूदादा, मी.

मला वाटलं होतं तू टेबल उलथशील. तू तो कागद वाचलास, घडी घातलीस, खिशात ठेवलास आणि म्हणालास, “चहा टाक.” बस्स. साखरेवरून पण भांडला नाहीस. मी मनात म्हटलं, चला, थंड झाला गडी. सुटलो. हो, असंच म्हटलं मी मनात. ‘सुटलो.’

नंतरही तू आपल्याच पद्धतीनं बोलत राहिलास, चालत्या जीपमधून, चार-चार शब्द. नियम तुझ्या सहीपुरता. तू सेटवर असेपर्यंत सगळं निभावत होतं. पण लहानूदादाला ते मोजणं कुठे येत होतं?

मंगळवारी सकाळी सव्वादहाला हाक आली तीच लहानूदादाची. त्याचा आवाज सेटवर मी कधी ऐकलाच नव्हता. “हॅलो, किसनरावांच्या छा—” खरखर. “—घाम लई—” खरखर. “—दागदराला—” मी खुर्चीवरून उठलो. मला कळलं, किसना. अर्ध्या शब्दांत कळलं. आणि मग मी काय केलं? मी ते बटण दाबलं आणि ओरडलो, “लहानूदादा, जीप थांबवा! थांबून बोला! बेस ऐकतोय, थांबून बोला!”

मी. ज्यानं तुझी पैज पाहिली होती. ज्यानं तुझा तक्ता स्वतः लिहून काढला होता. ज्याला उंबराचं वळण म्हणजे काय ते पाठ होतं. घाबरलो आणि तोंडातून तुझी वही नाही निघाली, साहेबांचा नियम निघाला. महिनाभर भिंतीवर डोळ्यांसमोर चिकटवलेला होता तो.

लहानूदादानं ऐकलं. नेमकं तेवढंच ऐकू गेलं त्याला. गरीब माणूस, सांगितलेलं करणारा. त्यानं जागच्या जागी, उंबराच्या वळणावरच, ब्रेक दाबला. त्यानंतर ना मला तो, ना त्याला मी. पाव तास. तो तिकडे हॅलो हॅलो करत राहिला, कारण नियमात लिहिलं होतं, उत्तर मिळेपर्यंत जागा सोडू नये. मी इकडे हॅलो हॅलो. तिथून खिंड पाच मिनिटांवर, खिंडीतून आवाज घंटेसारखा येतो हे तुझ्याच तक्त्यात आहे. खिंडीखाली राजूर, राजूरला डॉक्टर. जीप नुसती चालू राहिली असती तर न बोलताच पोचली असती रे!

लहानूदादा नंतर माझ्यासमोर जमिनीवर बसून रडला. म्हणाला, “बोलता येत नव्हतं त्यांना. पन बोटानं सारखं फुडं दावीत व्हते. फुडं, फुडं. मला वाटलं पानी मागत्यात. छागळ फुडं बंपरला टांगलेली ना. मी उतरून पानी आनलं. त्यांनी हातानं ढकललं. मला काय समजंना भाऊ. बेसनं थांब म्हनलं व्हतं ना.”

तू दोन पावलं मागत होतास. त्यानं तुला पाणी दिलं.

शेवटी त्यानंच नियम मोडला आणि जीप हाकली. खिंडीतून त्याचा आवाज आला, एकदम स्वच्छ, एक अक्षर न तुटता. “किसनराव बोलत न्हाईत.” राजूरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली आणि एवढंच विचारलं, “एवढा उशीर का केला?”

लोक मला म्हणाले, वेळ आली होती, आपल्या हातात काय असतं. हे वाक्य ज्यानं ज्यानं म्हटलं त्याला त्याला मी बोललो. वेळ आली नव्हती. वेळ आम्ही आणली. पाव तास आणली. माझ्या चुलत्याला पण बोललो, तो अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो.

आणि साहेब! दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्याकडे आले, दार लावून घेतलं. म्हणाले, “बबनराव, झालं ते वाईट झालं. पण आता ते पान नीट भरायला हवं. संपर्क ठीक होता, मदतीचा निरोप वेळेत मिळाला, पुढची तजवीज केली. इतकंच. नाहीतर नगरहून चौकशी लागेल, किसनच्या माणसांनाच त्रास. त्या माउलीला वर्गणी गोळा करून देऊ आपण.” तुझ्या बायकोला पुढे करून, किसना! मी हो पण म्हणालो नाही आणि नाही पण म्हणालो नाही. पान कोरं ठेवलं. कसला शूर मी? तेरा दिवस नुसतं कोरं ठेवण्याएवढा.

शनिवारी कचेरी सुटताना साहेबांनी बोलावलं. टेबलावर टाइप केलेला कागद. मला सेवेत कायम केल्याचा हुकूम. म्हणाले, “अभिनंदन. महिन्यापूर्वीच निघायचा होता, राहिला होता. सोमवारी चौकशीचे साहेब येतायत अकराला. तोवर ते पान भरून ठेवा म्हणजे सगळं सुरळीत होईल.” कागद माझ्याकडे सरकवला. चार वर्षं ज्या कागदासाठी मी देवाला नवस बोललो तो कागद समोर आला. तो तसाच परत सरकवायला हवा होता. पण घेतला, किसना. खोटं कशाला सांगू. घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला.

काल तुझा तेरावा. देवळालीला आलो. मांडवात बसवेना, म्हणून मागल्या दारी गेलो. वहिनी उंबऱ्यात बसल्या होत्या. मी ठरवूनच आलो होतो, की सांगायचं आणि त्या जे करतील ते सोसायचं. थुंकल्या तरी. उभ्या उभ्या सांगून टाकलं. “वहिनी, थांबा मी म्हणालो होतो. आणि त्यांचा अर्ज पण माझ्या वहीमुळे बुडाला. मी वर्षभर खोटं ‘ठीक’ लिहिलं.”

 वहिनी म्हणाल्या, “थांबा म्हनल्याचं लहानूदादा सांगून गेला. तुमच्याव राग हाय माझा, भाऊजी. न्हाई म्हनायची न्हाई. लई राग हाय.”

मी मान खाली घातली.

“पन वहीचं त्यांना ठावं व्हतं.”

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही.

“व्हय. तुमच्या टेबलावर उघडीच असती म्हनं ती वही. रोज बघायचे. मी म्हनले त्यांना, तुमचा येवढा मेहनतीचा अर्ज त्या सोनईवाल्यापायी बुडाला, तर सांगा की वरती. तर माझ्यावच खेकसले. म्हनले, त्याचं आधी कायम होऊ दे. आता सांगितलं तर त्याचं नाव गळल. कायम झाल्याव मी त्याला सोडनार न्हाई, नरड्याला धरून खरं वदवून घेईन. पन आधी कायम होऊ दे.” मग माझ्याकडे बघून विचारलं, “झाला का कायम?”

कागद खिशात होता. म्हणालो, “झालो वहिनी. कालच.”

“बरं झालं,” म्हणाल्या. “आता जेवून जा. उपाशी जायचं नसतं.”

किसना, तुझी अक्कल कुठे चरायला गेली होती? मला विचारायचं तरी! साखरेवरून भांडलास, बिडीवरून भांडलास, पैजेवरून अख्ख्या टेकाडासमोर माझी लाज काढलीस. आणि या एकाच गोष्टीवर मुकाट बसलास? टेबलावर समोर माझं खोटं रोज उघडं पडलेलं आणि तू शेजारी बसून चहा पीत होतास? एकदा ओढून द्यायची होतीस कानाखाली. मी चार शिव्या दिल्या असत्या, आठ दिवस बोललो नसतो, नाव गळालं असतं तर सोनईला जाऊन कांदे लावले असते. जगलो असतो की! आणि तू जगला असतास. माझ्या नोकरीची काळजी करायला तुला सांगितलं कुणी? उपकार केलेस म्हणून मी तुझे पाय धरू का? नाही धरणार. मला तुझा इतका राग येतोय की तू समोर असतास तर मी तुला मारलं असतं, आणि मारून झाल्यावर गळ्यात पडून रडलो असतो. काल परत येताना गाडीत रडलोच. शेजारच्या म्हाताऱ्यानं विचारलं, “कोन गेलं बाबा?” मी म्हणालो, “भाऊ.” तेवढंच खरं तोंडातून निघालं.

आज सकाळी आठला बेसवर आलो. अकराला चौकशीचे साहेब यायचे होते. टेबलाशी बसलो आणि त्या मंगळवारच्या पानावर लिहिलं:

‘सव्वादहा वाजता जीपवरून हाक. शब्द तुटक. किसन यांच्या छातीत दुखत असल्याचे समजले. बेसने जीप थांबवण्यास सांगितले, ही बेसची चूक. जीप उंबराच्या वळणावर उभी राहिली. पाव तास संपर्क नाही. ही जागा किसन यांच्या तक्त्यात लिहिलेली आहे. याआधी या मार्गावर मी लिहिलेल्या ‘ठीक’ या नोंदी खऱ्या नाहीत. तक्ता खरा आहे.’

साहेब मागे येऊन उभे राहिले होते, कधी आले कळलं नाही. वाचून त्यांचा चेहरा उतरला. “अहो, काय करताय? शनिवारचा हुकूम वर परत मागवता येतो, कळतंय का? खुलासा द्यावा लागेल तुम्हाला.”

म्हणालो, “तीन प्रतींत देतो साहेब.”

खाली सही केली. सहीखाली नाव, नावाखाली हुद्दा लिहायचा असतो. चार वर्षांची सवय हाताला. ‘बेस ऑपरेटर’ लिहिलं आणि पुढे ‘हंगामी’मधला ‘हं’ लिहूनसुद्धा झाला. तो खोडला.

कायम झालो, किसना. आता धर नरडं.